पाचवं नाव

॥ श्री ॥

कापूरहोळ, ता. भोर
रविवार, ६ एप्रिल २०२५

ती. सौ. नूतनवहिनी यांस,
दिपालीचा सा. न. वि. वि. ती. आबांना शि. सा. न. आणि चि. माऊलीला अ. आ.

आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. खरे खुशाल फक्त हे आहेत. चौकात पंक्चरच्या दुकानावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारतात आणि शेफालीच्या शाळेचा विषय काढला की टायर फुगवायला घेतात. फोनवर बोलले असते, पण तुमच्या पठारावर दगडावर चढल्याशिवाय रेंज येत नाही, आणि चढूनही तुम्ही नुसतं हॅलो हॅलो करता. त्यापेक्षा पत्र बरं. माऊलीचे गुरुजी सोमवारी भोरहून वर जाताना यांच्याकडे गाडीत हवा भरायला थांबतात. त्यांनी पोस्टमन व्हायचं कबूल केलं आहे. उत्तर शनिवारी त्यांच्याकडेच द्या.

तर शाळेचं सांगते. इथून दीड किलोमीटरवर आंबेमळा म्हणून वस्ती आहे. तिथली शाळा जिल्हा परिषदेचीच, पण तिचं नाव असं झालंय की पुण्याची माणसं तिच्यासाठी इथं खोल्या घेऊन राहिली आहेत. पहिलीला जागा तीस आणि अर्ज दोनशे चौदा. पाडव्याला लोक गुढी उभारत होते तेव्हा मी रांगेत उभी होते. आधी वस्तीतली मुलं घेतली, मग ज्यांची भावंडं तिथं शिकतात ती, आणि उरलेल्यांच्या चिठ्ठ्या काढल्या. शेफालीचं नाव प्रतीक्षा यादीत आलं, नंबर चार.

चौकाजवळच्या शाळेतही जाऊन आले. तिथं पहिलीच्या एका खोलीत अठ्ठावन्न मुलं आहेत. बाई बिचाऱ्या म्हणाल्या की कायद्याने नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणायला जागा नाही, नाव लिहून ठेवते. शिवाय तिथं जायचं तर हायवे ओलांडायचा. सहा वर्षांच्या पोरीने तो कसा ओलांडावा? हे म्हणतात, एसटीच्या खिडकीतून टाकतात तसा आंबेमळ्याच्या शाळेत खिडकीतून रुमाल टाकून ये, जागा धरून ठेव. मला हसू आलं नाही.

वहिनी, तुम्हाला माहीत आहे, मी वरच्या शाळेत चौथी केली आणि पुढं आत्याकडे राहून कशीबशी सातवी. मग घरी बसले ती बसलेच. शेफालीचं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मी मनात धरलंय.

माया आहे तशी राहू द्या, आणि बिरोबाला एक नारळ माझ्या नावाने बोला.
तुमची,
दिपाली

॥ श्री ॥

धनगरवाडा, ता. वेल्हे
शनिवार, १२ एप्रिल २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. चि. शेफालीला तिच्या आईच्या माहेरचे, म्हणजे मामीचे, अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. आबांना वाचून दाखवलं. दोनशे चौदा ऐकल्यावर त्यांनी मला परत वाचायला लावलं, मग विचारलं की एवढी पोरं त्या शाळेत करतात तरी काय. नारळ बोलले आहे, पण बिरोबाला शाळेतलं किती कळतं कोण जाणे. त्याचं सगळं लक्ष मेंढरांवर.

आमचं उलटं चाललंय. गेल्या साली शाळेत सात पोरं होती. दोन आश्रमशाळेत गेली, एकाचा बाप पुण्यात वॉचमन लागला तो पोराला घेऊन गेला. राहिली चार: आपला माऊली, सोनिया, तिचा भाऊ सावळा आणि बिरू. केंद्रप्रमुख येऊन सांगून गेले की पाच नसतील तर शाळा बंद. आता गुरुजी हरवलेलं रेडकू शोधावं तसे वस्त्यावस्त्यांवर पोरं शोधत हिंडतात. तुमच्याकडे पोरं आहेत तर जागा नाही, आमच्याकडे जागा आहे तर पोरं नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच. पण काळजीचं कारण नाही. शेजारच्या भामाबाईची नात जूनमध्ये इथं राहायला यायची आहे, ती आली की पाच होतात.

मोरी म्हैस व्याली, रेडी झाली. खवा पाठवते आहे. नंदाव्यांना सगळा देऊ नका, ते दुकानावर नेऊन वाटतील.

सुट्टीत शेफालीला वर पाठवा. करवंदं यायला लागलीत आणि माऊलीला भांडायला कुणी नाही.

आठवण ठेवता तशीच ठेवत जा.
आपली,
नूतन

॥ श्री ॥

कापूरहोळ
गुरुवार, ८ मे २०२५

ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दादा खवा द्यायला नसरापूरला उतरलेत, त्यांच्याबरोबर शेफालीला पाठवते आहे. पिशवीत चार फ्रॉक, एक स्वेटर आणि तिच्या आधारकार्डाची झेरॉक्स आहे. कंडक्टरने वय विचारलं तर हाफ तिकिटाला लागेल. कार्ड जपून ठेवा, तुमच्या पिठाच्या डब्यात नको.

यादी अजून हललेली नाही. दर सोमवारी आंबेमळ्याला जाऊन नोटीस बोर्ड बघून येते. नंबर चार तो चारच. आता तिथल्या शिपाईमामांनाही माझं तोंड पाठ झालंय. लांबून बघूनच मान हलवतात, मला फाटकापर्यंत चालायचे कष्टसुद्धा देत नाहीत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चांगल्या आहेत. एकदा स्वतः बाहेर येऊन म्हणाल्या की सारखं येऊन नंबर पुढं सरकत नाही, कुणी जागा सोडली तर मी फोन करेन. मी हो म्हटलं, आणि पुढच्या सोमवारी परत गेले. घरी बसून तरी काय करू?

कुणी तरी आपलं मूल काढून न्यावं अशी मी रोज इच्छा करते. असं मनात आणणं बरं नाही हे कळतं. पण येतं.

शेफालीला म्हशीच्या पाठीवर बसवू नका. ती हट्ट करेल, तरी नाही.

तुमचा जीव आमच्यावर आहे, तो असाच असू द्या.
दिपाली

॥ श्री ॥

धनगरवाडा
शनिवार, २१ जून २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

म्हशीच्या पाठीवर बसवलं. आधीच सांगते, म्हणजे शेफालीने सांगायच्या आत झालं. पण तो आमचा गुन्हा नाही, शाळेचा आहे. सोमवारी शाळा उघडली. खालच्या गावांत पहिलीच्या मुलांना बैलगाडीतून वाजतगाजत नेतात. आमच्याकडे गाडी नाही आणि बैलही नाही, म्हणून गुरुजींनी मोरीच्या शिंगांना फुगे बांधले. तुम्ही निरोप पाठवला होता की यादी हलत नाही तोवर राहू दे तिला आठपंधरा दिवस, म्हणून तीही माऊलीबरोबर निघाली. मोरी अर्ध्या वाटेत डबक्यात बसली. फुगे भिजले, शेफाली भिजली, आणि इतकी हसली की गुरुजींना फोटो नीट काढता येईना.

शाळेत कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून तिच्या पावलांचे ठसे कागदावर घेतले. नवीन पुस्तकं दिली. गंमत अशी की गुरुजींच्या यादीत तिचं नाव आधीच होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे तिच्या जन्माची नोंद इथल्याच पंचायतीत. गुरुजींनी तिथून सहा वर्षांच्या मुलांची यादी आणली, त्यात ही निघाली. त्यांनी आबांना विचारलं, ही पोरगी कुणाची. आबा म्हणाले, आमचीच की, हितं जन्मली ती हितलीच, लिवा. डब्यातून आधारकार्ड काढून दिलं (व्हय, पिठाच्याच) आणि अंगठा उठवला. मी म्हटलं चार दिवस बसते आहे तर बसू दे, कागदाने काय बिघडतं.

रोज गुरुजी हजेरी घेतात तेव्हा पाचवं नाव तिचं असतं. तोवर ती श्वास धरून बसते आणि मग अशी ओरडते की गोठ्यात म्हशी माना वर करतात. भामाबाईची नात अजून आलेली नाही.

घरचं माणूस समजता, तसंच समजत राहा.
नूतन

॥ श्री ॥

कापूरहोळ
रविवार, २९ जून २०२५

वहिनी,
सा. न. वि. वि. घाईत आहे, बाकी नंतर.

काल मोठ्या बाईंचा फोन आला. आंबेमळ्याच्या चार जागा सुटल्या. दोघांच्या बापांची बदली झाली, एकाला इंग्रजी शाळेत घातलं, एकाचं वय कमी निघालं. म्हणजे चौथा नंबर लागला, आपला. मी पदराला हात पुसत तशीच धावले. बाईंनी सगळे कागद घेतले, संगणकात आधारचा नंबर घातला आणि थांबल्या. म्हणाल्या, ही मुलगी तर दुसऱ्या शाळेत शिकते आहे, वेल्हे तालुका, पहिली, दाखल तारीख सोळा जून.

मला आधी कळेना. मग तुमचं पत्र आठवलं.

एक मूल दोन ठिकाणी चालत नाही म्हणे. वरच्या शाळेचा सोडल्याचा दाखला आणला तर घेतील. बुधवारपर्यंत थांबते म्हणाल्या. त्यानंतर पाचव्या नंबरला फोन करावा लागेल. त्याची आई तिथंच पायरीवर बसली होती. तीन महिने मी जशी बसत होते तशी.

आबांना काय म्हणू? बोलले तर त्यांना लागेल, आणि न बोलता राहवत नाही. लाडाने अंगठा उठवला आणि पोरीचं नशीब अडकवून ठेवलं. आणि कार्ड कुणी पाठवलं, तर मीच. हाफ तिकिटासाठी. कुणाला बोल लावू?

ही एकच जागा आहे. गुरुजी उद्या वर येतील, त्यांच्याकडून दाखला घ्या आणि दादांना सांगून शेफालीला घेऊन मंगळवारी खाली या. पाया पडते.
दिपाली

॥ श्री ॥

धनगरवाडा
सोमवार, ३० जून २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

दाखला सोबत आहे. गोल शिक्का नीट उठला आहे का ते बघा, पहिला पुसट आला म्हणून गुरुजींनी दुसऱ्यांदा मारला. उद्या सकाळी तुमचे दादा शेफालीला घेऊन उतरतील. तिची पावलं उठवलेला कागदही पिशवीत आहे, तिला तो तुम्हाला दाखवायचा आहे.

आमच्या शाळेची चिंता करू नका. भामाबाईची नात आली. पाच पुरी झाली. तुम्ही निर्धास्त राहा.

गुरुजी दाखला लिहिताना पेन सारखं झटकत होते, शाई असून. म्हातारे व्हायला लागलेत. आबा गोठ्यात जाऊन बसलेत, म्हणतात मोरी आजारी आहे. मोरी ठणठणीत आहे, वैरण खाते आहे. त्यांना वाईट वाटलंय, पण तुम्ही बोलू नका. त्यांना वाटलं आपली नात आपल्या दाराशी शिकेल. कागदाचं एवढं असतं हे त्यांना कुणी सांगितलं होतं? मलाही नव्हतं माहीत, आणि मी बारावी शिकलेली.

माऊली रुसला आहे. पोरगी पोहोचली की गुरुजींकडे निरोप द्या.

आमच्यावर रागावला असाल तर तो राग इथंच संपवा, पुढं नेऊ नका.
नूतन

॥ श्री ॥

कापूरहोळ
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

ती. सौ. वहिनी यांस,
सा. न. वि. वि. दादांची राखी पाकिटात आहे. शनिवारी राखीपौर्णिमा आहे, तेव्हा बांधून घ्यायला सांगा. माऊलीला बांधायला शेफालीने स्वतः लोकरीची केली आहे, तिला हसू नका.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावलात का? दिवस कसा जातो कळत नाही. सकाळी तिला सोडते, दुपारी आणते. शाळा खरंच नावाप्रमाणे आहे. भिंतीवर आकडे, वाफ्यात भाजी, आणि मुलं एका जागी बसतच नाहीत. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, तू कशावर बसून आलीस. बाकीची मुलं स्कूटी म्हणाली, ही म्हैस म्हणाली. तेव्हापासून सगळे तिला मोरी म्हणतात आणि तिला ते आवडतं. तिने तुमच्यासाठी चार ओळी लिहिल्या आहेत, अक्षर वाकडं आहे पण तिचं आहे. मला रडू आलं. हेही रडले, पण म्हणाले रबर जाळल्याचा धूर गेला डोळ्यांत.

शेफाली एक सारखं विचारते. माझ्यानंतर पाचवी कोण, तिचं नाव काय, ती माझ्या जागेवर बसते का. भामाबाईच्या नातीचं नाव कळवा म्हणजे मी तिला सांगेन. ती कितवीत आहे?

आबांचा गुडघा कसा आहे? त्यांना सांगा, माझ्या मनात काही नाही.

दोन घरं असली तरी चूल एक समजा.
दिपाली

॥ श्री ॥

धनगरवाडा
शनिवार, ९ ऑगस्ट २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

राखी पोहोचली. तुमच्या दादांनी लगेच बांधली. माऊलीने त्याची हातात न बांधता दप्तराला बांधली आहे. शेफालीचं अक्षर चांगलं आहे.

इकडे धुकं फार. शेजारचं घर दिसत नाही. आबांचा गुडघा तसाच. भामाबाई आणि तिच्याकडची बरी आहेत. गुरुजी निघालेत, पायवाट निसरडी आहे, म्हणून इथंच थांबते.

बाकी क्षेम.
नूतन

॥ श्री ॥

धनगरवाडा
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

हे पत्र तीनदा लिहायला बसले. आबांच्या हाती देते आहे, आणि त्यांच्याबरोबर माऊलीला. दाराशी दोघं उभी बघून तुम्ही घाबराल, म्हणून पत्र आधी वाचा आणि मग पाणी द्या, किंवा उलटं करा.

शाळा बंद झाली. तीस सप्टेंबरला केंद्रप्रमुख पट मोजायला आले. चार पोरं रांगेत उभी केली. त्यांनी मोजली, चहा घेतला, परत मोजली. चांगला माणूस आहे, इकडंतिकडं बघत होता, कुठून तरी पाचवं पोर येईल म्हणून. दिवाळीआधी कागद आला. चौघांची नावं पायथ्याच्या शाळेत घातली आहेत. उतरायला सात किलोमीटर, मधे ओढा. ने-आण करायला गाडी देऊ म्हणाले. आबांनी विचारलं, गाडी कंच्या रस्त्यानं आणणार. बाक आणि खिचडीचं पातेलं खाली नेलं. गुरुजींना पुरंदरकडे टाकलं. सावळा आणि बिरू आश्रमशाळेत गेले. बिरू दुसऱ्या दिवशी पळून आला, परत नेऊन सोडला. सोनिया शेळ्यांमागं जाते. तिच्या आईला मी दोनदा बोलले. ती म्हणाली, पोरीला एकटी रानातनं धाडू व्हय?

भामाबाईची नात कधी आलीच नाही. जूनमध्येच तिच्या आईने तिला स्वतःकडे ठेवून घेतलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला ते माहीत होतं, गुरुजींनाही. त्यांनी मला शाळेबाहेर बोलावून विचारलं, तुमच्या वन्संना कळवायचं का की नाव गेलं तर शाळा जाईल. मी म्हटलं, तुम्ही दाखला लिहा. कळलं असतं तर तुम्ही तो घेतला नसता, आणि घेतला असता तर आयुष्यभर तुम्हाला घास गोड लागला नसता. मला वाटलं, चौघांसाठी सरकार काही तरी करेल, एकट्या शेफालीसाठी कोण करणार.

मी देवमाणूस नाही, तसं समजू नका. नंतर तुमच्यावर मनातून फार चिडले. तुम्ही शेफालीच्या चार ओळी पाठवल्यात तेव्हा तो कागद चुलीत घालायला हात पुढं केला होता. घातला नाही. दिव्याच्या कोनाड्यात ठेवला आहे.

माऊली दुसरीत आहे. दोन-तीन आठवड्यांत सत्तावीसचा पाढा विसरला. आंबेमळ्यात त्याला जागा मिळते का बघा. मिळणार नाही हे मला कळतं. तरी बघा.

रागवा, पण पोराला दोन घास घाला.
नूतन

॥ श्री ॥

कापूरहोळ
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. नूतनवहिनी यांस,
दिपालीचा सा. न. वि. वि.

आबा उद्या निघतात, पत्र त्यांच्याकडेच देते. आता दर सोमवारी त्या वाटेला जाणारं दुसरं कुणी नाही.

आधी पाणी दिलं, मग पत्र वाचलं.

तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून मी रागावले असते, पण माझ्याकडे तेवढंही उरलेलं नाही. खरं सांगते, मला कळलं होतं. ऑगस्टच्या पत्रात तुम्ही नातीचं नाव लिहिलं नाहीत तेव्हाच. मी ते पत्र घडी करून ठेवलं आणि दुसऱ्यांदा विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि मग शेफालीचं दप्तर मला रोज उचलवलं नसतं. तुम्ही एकदा खोटं बोललात, मी तीन महिने गप्प बसले. आता सांगा, कुणी कुणावर रागवायचं?

सोमवारी आबांना आणि माऊलीला घेऊन आंबेमळ्याला गेले. दुसरीच्या वर्गात तीसच्या जागी चौतीस बसतात. माऊलीचा नंबर अकरावा लागला. आबांना वाटलं की आपण समजावून सांगितलं तर होईल. मोठ्या बाईंपुढे हात जोडून म्हणाले, चूक म्या केली, अंगठा माजा हाय, पोरीचं नाव काढा आन् पोराचं घाला. मीही म्हटलं, हो, तसंच करा. म्हणताना वाटलं, बाईंनी हो म्हणू नये. वहिनी, हेही लिहून टाकते, म्हणजे मनात राहणार नाही.

बाईंनी आबांना खुर्ची दिली. म्हणाल्या, बाबा, ही एसटीतली सीट नाही, एकाने उठून दुसऱ्याला द्यायला. पहिलीतली जागा सोडली तर ती पहिलीच्या यादीतल्या पुढच्या मुलाला जाते, त्या यादीवर आता सत्तर नावं आहेत. आबांना कळलं की नाही माहीत नाही. ते म्हणाले, मग तुमची साळा वर न्या, जागा लई हाय. बाई हसल्या नाहीत.

चार दिवस आबा शाळेच्या फाटकासमोर चिंचेखाली बसून होते. का, ते विचारलं तर म्हणाले, बसल्यानं जागा सुटत न्हाई ठावं हाय, पर घरात बसून काय करू. माझंच वाक्य, मेमधलं. शिपाईमामा त्यांना चहा आणून देत. काल ते आपणहून उठले आणि म्हणाले, मोरीला दुसऱ्याच्या हाताची धार चालत न्हाई, जातो.

चौकाजवळच्या शाळेत माऊलीचं नाव लिहून ठेवलं आहे. तिथंही दुसरी भरलेली. यांनी दोन दिवस दुकान बंद ठेवून भोंगवली, कामथडी, नसरापूर सगळीकडे विचारलं. कुठं जागा होती तर घ्यायला-आणायला कोण नाही, कुठं हो म्हणाले पण पुढच्या जूनपासून. तुमचे नंदावे कधी रागावत नाहीत, परवा रागावले. कुणावर रागवायचं ते सापडेना, म्हणून टायरवर हातोडी आपटत बसले.

पोराला राहू द्या इथंच. तुमच्याकडे तरी कुठली शाळा आहे? मी सकाळी त्याला पाढे देते, माझ्या सातवीइतकं देते. सत्तावीसचा परत आला, अठ्ठावीसला अडतो. सोमवारी परत बोर्ड बघून येईन. अकराचा दहा झाला तर कळवीन, पण कसं कळवणार ते माहीत नाही.

संध्याकाळी शेफाली शाळा-शाळा खेळते. ती बाई, माऊली एकटाच विद्यार्थी. आंबेमळ्याची तिच्या वर्गाची हजेरी तीस नावांची, ती तिला पाठ नाही. म्हणून वरचीच घेते, गुरुजी घ्यायचे तशी. माऊली म्हणते, तो हजर म्हणतो. मग सोनिया म्हणते आणि स्वतःच हजर म्हणते. सावळा, हजर. बिरू, हजर. शेवटी स्वतःचं नाव. काल आबांनी तिला विचारलं, जी पोरं नाहीत त्यांची हजेरी तू का देतीस. ती म्हणाली, एक जरी कमी झालं तर बंद करतात.

आबा उठून बाहेर गेले. मी पोळ्या करत होते, त्या करत राहिले.

तुमचा लोभ मी मागत नाही, तुम्ही तो आधीच देऊन बसलात. फक्त अधूनमधून दगडावर चढा आणि हॅलो म्हणा. मी ऐकेन.
तुमची,
दिपाली